पोटात राहिलेली वीज

सांगलीच्या खणभागातल्या आमच्या जुन्या घरात, माडीच्या छताच्या फळ्यांवर, तळहाताएवढा एक तपकिरी डाग आहे. मधल्या काळात दोनदा रंगकाम झालं आणि दोन्ही वेळा तो डाग महिन्याभरात रंगातून वर आला. १९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी नववीत असताना, एक हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टेबलावरून उडून तिथे आपटला होता.

वीज साठवून ठेवणाऱ्या या भागाला दुकानात कंडेन्सर म्हणतात, कॉलेजात कॅपॅसिटर, आणि मराठी परिभाषेत धारित्र. मायक्रोफॅरड हे त्याच्या साठवणीचं माप. मला धारित्र हा शब्द फार आवडतो. धरून ठेवणारं. ते काय धरून ठेवतं, कशाच्या जोरावर ठेवतं आणि कधी सोडून देतं, हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. त्यातला बराचसा भाग मी काहीतरी फुटल्यावरच शिकलो.

त्या काळी टीबीए ८१० या आयसीवरचा (एकाच चिपमध्ये बसवलेलं तयार सर्किट) छोटा अ‍ॅम्प्लिफायर जमवणं हे आमच्यासारख्या मुलांचं पहिलं मोठं काम असायचं. छापील पॅनेल, आयसीच्या पंखांना जोडायचा पत्रा, चार ओहमचा स्पीकर. त्याला वीज द्यायला बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड, आणि डायोडमधून येणारी उंचसखल वीज सपाट करायला एक मोठा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. डायोड मी तीनदा तपासले होते. कंडेन्सरच्या अंगावरचा पट्टा ऋण टोकाच्या बाजूला असतो हेही मला माहीत होतं. पण सोल्डर करायला पॅनेल पालथं घातलं की डावं-उजवं बदलतं, आणि तिथेच माझा घात झाला.

बटण दाबलं. काहीच झालं नाही. स्पीकर गप्प. म्हणून मी वाकून, नाक पॅनेलला लागेल इतक्या जवळून बघायला लागलो. बारीक फुसफुस ऐकू येत होती, दूध उतू जाण्याआधी पातेल्याच्या कडेने येते तशी. एवढ्यात खालून आईने चहाला हाक मारली. ओ द्यायला मी मान वळवली, आणि कानाशी धाडकन आवाज झाला.

खोलीभर पांढरा धूर आणि खारवलेल्या मासळीसारखा उग्र वास. टेबलावर कागदाच्या आणि चंदेरी पत्र्याच्या ओल्या फिती. अॅल्युमिनियमची नळी छतावर आपटून माझ्या पायाशी पडली होती. आजी जिना चढून वर आली. तिने आधी माझे दोन्ही डोळे बोटांनी ताणून बघितले, मग दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, आणि मग ती खाली बसली. बाबांनी मेन स्विच बंद केला. त्या संध्याकाळी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला त्या आवाजापेक्षा जास्त लागलं. आईने नेमकी त्याच क्षणी हाक मारली नसती तर? हा विचार आजही मनात आला की पोटात कालवतं.

दुसऱ्या दिवशी ती नळी खिशात घालून मी गणपती पेठेत गेलो. तिथे रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक काका बसत. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नळी हातात घेऊन वास घेतला आणि फक्त विचारलं, “डोळं बरं हाईत न्हवं?” मी मान हलवली. मग त्यांनी खणातून दुसरा एक जुना कंडेन्सर काढला, ब्लेडने त्याचं पोट फाडलं आणि आतली गुंडाळी काउंटरवर उलगडत नेली. दोन लांब पत्रे, मध्ये ओलसर कागद. काउंटर संपला तरी गुंडाळी संपेना.

“वीज कोण अडवतंय ह्यात?” काकांनी विचारलं.

“कागद,” मी म्हणालो.

“न्हाई. कागद नुसता भिजायला हाय. अडवती ती साय.” त्यांनी करड्या पत्र्यावरून नख फिरवलं. “ह्या पत्र्यावर साय धरल्याली असती. डोळ्याला दिसत न्हाई. सुलट वीज दिलीस की ती टिकती, फाटली तर परत धरती. उलट दिलीस की जाती. मग आतलं पाणी उकळतंय, वायू साठतोय, आणि डबा बंद. काय करंल तो?”

पुढे शिकायला गेलो तेव्हा पुस्तकात याचीच आकडेवारी मिळाली. काकांची साय म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर. कारखान्यात पत्र्यावर विजेच्याच साहाय्याने तो चढवतात. दर व्होल्टमागे त्याची जाडी साधारण सव्वा ते दीड नॅनोमीटर. म्हणजे पंचवीस व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये सगळी वीज तोलून धरणारा पडदा आपल्या केसाच्या जाडीच्या दोन हजाराव्या भागाएवढा. इतका पातळ आहे म्हणूनच अंगठ्याएवढ्या नळीत एक हजार मायक्रोफॅरड मावतात, आणि इतका पातळ आहे म्हणूनच त्याला चूक सोसत नाही. उलटा दाब एक-दीड व्होल्टच्या पुढे गेला की प्रवाह मोकाट सुटतो, आतला द्रव तापतो, हायड्रोजन तयार होऊ लागतो. हे सगळं घडायला काही सेकंद लागतात. बटण दाबल्यावरची शांतता ती हीच. नेमकी त्याच वेळी शिकणारी पोरं वाकून बघत असतात, कारण काहीच होत नाही म्हणजे काहीतरी जोडायचं राहिलंय असं त्यांना वाटतं. मला याच गोष्टीची सर्वांत जास्त धास्ती वाटते. नवीन जुळणीला पहिल्यांदा वीज देताना हातभर लांब उभे राहा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि ऐकलं नाही तर बटण माझ्या हातात ठेवतो.

दुसरा कंडेन्सर फुटला तेव्हा तो सुलटाच लावलेला होता. तीन महिने बिनतक्रार चाललाही होता. त्यामुळे तो का गेला हे शोधताना मला खूप शिकायला मिळालं. पंचवीस व्होल्टचा न घेता मी सोळा व्होल्टचा आणला होता. चार पैसे वाचत होते आणि ट्रान्सफॉर्मर बाराचाच होता. पण बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे बारा व्होल्ट नव्हेत. एसीची, म्हणजे घरात येणाऱ्या उलटसुलट विजेची, लाट शिखरावर १.४१ पट उंच जाते. बाराचे सतरा होतात. डायोडमध्ये दीडेक व्होल्ट खर्च झाले की कंडेन्सरवर साडेपंधरा उरतात. सोळाच्या अगदी काठावर. त्यातही हे गणित घरात २३० व्होल्ट येतात असं धरून केलेलं.

सांगलीकडे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको की भिंतीतली वीज एका आकड्यावर बसत नाही. उन्हाळ्यात उसाला पाणी चालू असलं की सगळीकडचे पंप एकदम ओढतात आणि घरातला पंखा रेंगाळतो. पावसाळ्यात पंप बंद पडले की रात्री दाब चढतो. जुलैतल्या त्या रात्री मी नंतर मीटर लावून बघितला तर २५५ व्होल्ट होते. त्या हिशोबाने कंडेन्सरवर सव्वासतरा-साडेसतरा. आणि अ‍ॅम्प्लिफायर नुसता चालू ठेवलेला, आवाज बंद, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर भार नाही, म्हणजे दाब आणखी थोडा जास्त. साय ताणत गेली आणि मध्यरात्री केव्हातरी फाटली. पाऊस पडला म्हणून माझा कंडेन्सर फुटला, असं मी सरळ म्हणतो. वरकरणी विचित्र वाटेल, पण कारणांची साखळी तशीच आहे. तेव्हापासून बाराच्या ट्रान्सफॉर्मरला मी पंचवीसच्या खालचा कंडेन्सर लावलेला नाही.

टँटॅलम या धातूच्या कंडेन्सरने वेगळाच इंगा दाखवला. हा हरभऱ्याएवढा पिवळा किंवा निळा मणी असतो. अॅल्युमिनियमवाल्यावर पट्टा ऋण बाजूला, याच्यावरची खूण मात्र धन बाजूला. वर्षानुवर्षं हाताला एक सवय लागलेली, आणि त्या सवयीनेच मी तो उलटा बसवला. तो आवाज करून मोकळा झाला नाही, पेटला. आतल्या मँगनीज डायऑक्साइडमधूनच त्याला प्राणवायू मिळतो, त्यामुळे फुंकर मारून उपयोग नसतो. वीज तोडेपर्यंत तो निखाऱ्यासारखा लाल होता, आणि पॅनेलला आरपार भोक पडलं.

साधारण १९९९ ते २००७ या काळात तर जगभरच्या संगणकांत कंडेन्सर फुगण्याची साथच आली होती. काही कारखान्यांनी सदोष द्रव भरला होता. विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेचे मदरबोर्ड तेव्हा माझ्याकडे आले. एका ओळीत उभे असलेले कंडेन्सर, सगळ्यांची डोकी टरारून वर आलेली. इलेक्ट्रोलायटिकच्या डोक्यावर अधिकच्या किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच असते, ती शोभेची नव्हे. आतला दाब वाढला तर नळी बंदुकीच्या गोळीसारखी सुटू नये, खाचेवर उकलून वायू बाहेर जावा, यासाठी ती असते. माझ्या पहिल्या कंडेन्सरचं डोकं गुळगुळीत होतं. ज्याने कुणी ही खाच शोधून काढली, त्याने किती डोळे वाचवले असतील याची मोजदाद होणार नाही.

आप्पांचा डोळा मात्र थोडक्यात वाचला.

आप्पा म्हणजे माझे चुलते. कसबे डिग्रजला त्यांचा मळा, बोअरवर सिंगल फेज पंप. अशा पंपाच्या पेटीत दोन कंडेन्सर असतात. एक कायम जोडलेला, चाळीस-पन्नास एमएफडीचा, म्हणजेच मायक्रोफॅरडचा. दुसरा, काळ्या प्लॅस्टिकच्या कवचातला, शंभर-दीडशे एमएफडीचा, फक्त मोटर उचलायला. हा दुसरा दोन-तीन सेकंदांसाठीच बनवलेला असतो. मोटरने वेग घेतला की हिरवं बटण सोडायचं आणि त्याने बाजूला व्हायचं. २००८ च्या मार्चमध्ये दाब १७० व्होल्टच्या आसपास होता. मोटर नुसती घुमत होती, उचलत नव्हती. पाळी संपायला तास उरलेला, ऊस वाळत चाललेला. आप्पांनी बटण दाबून धरलं. पाच सेकंद, दहा, पंधरा. मग पेटीचं दार त्यांच्या तोंडावर आलं.

गरम कवचाचे तुकडे गालात आणि भुवईत घुसले होते. उजव्या डोळ्यावर महिनाभर पट्टी होती. मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी किती वेळा मनात तोच हिशोब केला. दीडशे एमएफडी, एवढा दाब, एवढे सेकंद. हिशोब मला येत होता आणि मी तो त्यांना कधी सांगितला नव्हता. त्यांच्या मळ्यावर मी दर सुट्टीत जात होतो. ती पेटी उघडून बघितली होती, तारा नीट केल्या होत्या. ‘आप्पा, तीनच्या वर धरायचं नाही’ एवढंच वाक्य बोलायचं राहिलं होतं. शेतावर म्हणतात, ‘कंडेन्सर उडाला, नवा टाकला.’ बल्ब गेल्यासारखं. मी आता ज्या ज्या मळ्यावर जातो तिथे पेटीच्या दारावर आतून ऑइलपेंटने लिहितो: बटण तीन सेकंद. मोटर उचलली नाही तर सोडा. लिहू का, असं विचारत नाही.

इथवर फुटण्याचं झालं. न फुटलेला कंडेन्सर कधी कधी त्याहून घातक असतो. कॅमेऱ्याच्या साध्या फ्लॅशमध्ये सव्वाशेच्या आसपास मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो आणि तो ३०० ते ३३० व्होल्टवर भरतो. त्यातली ऊर्जा साडेसहा जूलच्या घरात, म्हणजे एक किलोचं वजन दोन फुटांवरून सोडल्यावर मिळेल एवढी, पण ती निमिषात बाहेर पडते. एका मित्राचा बंद पडलेला फ्लॅश मी सेल काढून उघडला होता. सेल काढले म्हणजे वीज संपली, असं मला वाटलं. माझ्या उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर त्या दिवशीचे दोन पांढरे ठिपके अजून आहेत.

मागच्या दिवाळीत भाची महिनाभर राहायला आली होती. अकरावीला आहे. रात्री माडीवर झोपायची. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, “मामा, छताला तो डाग कसला?” मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, “असा झटका सगळ्यात पहिल्यांदा कुणाला बसला असेल?” म्हणून लायडनच्या बरणीचीही गोष्ट सांगितली. १७४५-४६ मध्ये जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन शहरात मुशेनब्रुक, दोघांनीही द्रव भरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठवली आणि दोघांनाही ती हाताने भोगावी लागली. बाहेरून हात, आतून द्रव, मध्ये काच. पुढे फ्रान्समध्ये नोले या शास्त्रज्ञांनी राजासमोर १८० शिपायांना हातात हात देऊन उभं केलं आणि बरणीचा झटका दिला, तेव्हा सगळे एकदम उडाले. भाचीला हे अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही. “त्यांना आधी विचारलं होतं का?” ती म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही.

तिला माझ्या बाबांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ चालू करायचा होता. बाबा गेल्यापासून तो माळ्यावर होता, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्येही वाचला. त्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीला लागलं होतं. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या लोकांनी जे जे चिखलातून काढलं ते माझ्याकडे आणलं: मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर, मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, प्लग लावून बघितला का? ज्यांनी बघितला नव्हता त्यांच्या वस्तू स्वच्छ पाण्याने धुऊन, आठ-दहा दिवस वाळवून, बऱ्याचशा चालू झाल्या. मंडळाच्या पोरांना धीर नव्हता. २ सप्टेंबरला गणपती बसणार होते. वरून कोरडा दिसला म्हणून त्यांनी तो लावला. आतला गाळ ओलाच होता. दोन्ही मोठे कंडेन्सर गेले, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही बरंच.

व्हॉल्व्हच्या रेडिओत पाण्याचा प्रश्न नव्हता, तीस वर्षं वीज न मिळाल्याचा होता. वापरात नसलेल्या कंडेन्सरवरची साय हळूहळू विरते. एकदम अडीचशे व्होल्ट दिले तर तो फुटायचाच. हळूहळू दिले, प्रवाहाला मोठ्या रेझिस्टरने बांध घातला, तर साय पुन्हा धरते. नेहमीच होतं असं नाही, पण होतं. मी भाचीला गॉगल दिला, एक हात पाठीमागे ठेवायला सांगितलं, आणि आम्ही तो कंडेन्सर सर्किटमधून सोडवून ४७ किलोओहममधून पंचवीस व्होल्टवर लावला. अर्ध्या तासाने पन्नास. मग शंभर. तिने वहीत रकाने आखले होते: वेळ, दाब, गळती (सायीतून पाझरणारा प्रवाह). दर टप्प्यावर गळतीचा प्रवाह आधी उडी मारायचा आणि मग उतरायला लागायचा. तो उतरायला लागला की ती हळूच श्वास सोडायची. दीडशेवर प्रवाह तासभर उतरेना. मी म्हणालो, आज सोडून देऊ. ती म्हणाली, “अजून थांबूया की, मामा.” खालून तिच्या आईने दोनदा जेवायला हाक मारली. रात्री साडेअकराला अडीचशेवर गळती अर्ध्या मिलिअँपिअरच्या खाली आली. कंडेन्सरला हात लावून बघायचा मोह मला झाला, तिला झाला नाही.

वीज बंद केली. तोच रेझिस्टर कंडेन्सरच्या दोन टोकांना आडवा लावला, मीटर जोडलेला ठेवला. भाची आकडे वाचत होती. एकशे साठ, नव्वद, एक्केचाळीस, चौदा, तीन. मिनिटभर थांबलो. शून्य.

“झालं?” तिने विचारलं.

“रेझिस्टर काढ आणि मीटरकडे बघत राहा.”

तिने पकडीने रेझिस्टर उचलला. शून्य होतं ते शून्यच राहिलं, आणि मग एक झाला. दोन. कुठेही काहीही जोडलेलं नव्हतं. तासन् तास भरून ठेवलेली वीज आत, त्या सायीत, मुरलेली असते. वरची काढून घेतली की तळातली सावकाश वर येते. मी हे सांगायला तोंड उघडलं होतं. चार. साडेपाच. सात. तिने माझ्याकडे बघितलं नाही, डावा हात पाठीमागेच होता. पकडीत धरलेला रेझिस्टर तिने पुन्हा दोन्ही टोकांवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला.